तळ्यातले बाण कोणी पाहिले?

पाठ्यपुस्तकात तळ्यातील अन्नसाखळीचे एक चित्र असते. डावीकडे शैवाल, मग पाण्यातले सूक्ष्म प्राणी, मग लहान मासा, मोठा मासा आणि शेवटी काठावरचा बगळा. मध्ये बाण. आपण ते चित्र फळ्यावर काढतो, मुले वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत बाणाचे टोक उलटे काढले म्हणून अर्धा गुण गमावतात. पण वर्गात एखादा चौकस विद्यार्थी असतोच. तो विचारतो, "सर, हे कोणी पाहिलं?"

प्रश्न रास्त आहे. बगळ्याने मासा टिपलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. मोठ्या माशाच्या पोटात लहान मासा निघतो, हे जाळी टाकणाऱ्या कोणाही भोयाला ठाऊक असते. परंतु साखळीच्या सुरुवातीचे दोन-तीन बाण कसे पाहायचे? पाण्याबरोबर तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांना आपण प्लवक म्हणतो. त्यांतील वनस्पतिप्लवक सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि प्राणिप्लवक ते खातात, असे आपण शिकवतो. यातला कोपेपॉड नावाचा कवचधारी प्राणी जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा. त्याचे आतडे केसाएवढे. ते सूक्ष्मदर्शकाखाली उघडले तरी आत हिरवट-तपकिरी लगदा दिसतो. तो शैवालाचा की पावसाने वाहून आणलेल्या पालापाचोळ्याचा, हे डोळ्यांना सांगता येत नाही. शिवाय गिळले ते सगळे अंगी लागतेच असे नाही. शैवालाच्या काही पेशी आतड्यातून जशाच्या तशा बाहेर पडतात. म्हणजे खरा प्रश्न 'काय गिळले' हा नसून 'शरीर कशाचे बनले' हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर गेल्या चार-पाच दशकांत एका वेगळ्याच मार्गाने मिळू लागले. तो मार्ग म्हणजे स्थिर समस्थानिके.

समस्थानिके म्हणताच विद्यार्थ्यांना किरणोत्सार आठवतो. कार्बन-१४ किरणोत्सारी आहे हे खरे, पण येथे त्याचा संबंध नाही. निसर्गातल्या कार्बनचे बहुतेक अणू १२ वस्तुमानांकाचे असतात आणि शेकडा सुमारे १.१ अणू १३ चे. या दुसऱ्या अणूत एक न्यूट्रॉन जास्त असतो, एवढाच फरक. तो फुटत नाही, किरणे सोडत नाही, आपल्या भाकरीत आणि आपल्या हाडांतही असतो. नायट्रोजनचेही तसेच. बहुतेक अणू १४ चे आणि शेकडा सुमारे ०.३७ अणू १५ चे.

हे प्रमाण मुलांच्या डोळ्यांपुढे उभे करायचे असेल तर ज्वारी घ्यावी. एक लाख दाणे म्हणजे साधारण तीन किलो. त्यातले अकराशे दाणे हळदीच्या पाण्यात रंगवून पुन्हा मिसळले, की तो कार्बनचा नमुना झाला. पिवळा दाणा म्हणजे कार्बन-१३. मोजणीचे प्रमाण म्हणून जे ठरवले आहे त्यात लाखाला सुमारे १,१०६ पिवळे दाणे आहेत. हे प्रमाण मुळात अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात सापडलेल्या बेलेम्नाइट नावाच्या जीवाश्मावरून घेतले. माखलीच्या जातीतल्या एका नामशेष प्राण्याचा तो चुनखडीचा अवशेष. नमुना या प्रमाणापेक्षा किती हलका किंवा किती जड, ते हजारात किती या हिशेबाने लिहितात आणि त्या आकड्याला डेल्टा म्हणतात. हलका असेल तर उणे, जड असेल तर अधिक. नायट्रोजनसाठी हवेतला नायट्रोजन शून्य धरतात.

आता शेताकडे वळू. तूर, कापूस, सोयाबीन, गहू, हळद ही पिके हवेतला कार्बन डायऑक्साइड एका पद्धतीने बांधतात. ज्वारी, मका, ऊस, बाजरी यांची पद्धत वेगळी. पहिल्या गटातील वनस्पतींना सी-३ आणि दुसऱ्या गटातील वनस्पतींना सी-४ म्हणतात. पहिला गट जड कार्बन बराच टाळतो, दुसरा तितका टाळत नाही. म्हणून तुरीच्या पानाचा कार्बन-डेल्टा उणे २७ च्या आसपास येतो आणि ज्वारीच्या पानाचा उणे १२ च्या आसपास. आपल्या दाण्यांच्या भाषेत सांगायचे तर तुरीत लाखाला सुमारे १,०७६ पिवळे दाणे आणि ज्वारीत १,०९३. तीन किलोंत सतरा दाण्यांचा फरक! डोळ्याला हा फरक कधीच कळणार नाही. पण वस्तुमान वर्णपटमापी हे यंत्र तो सहज ओळखते. त्यात नमुना जाळून वायू करतात, वायूच्या रेणूंना विद्युतभार देतात आणि चुंबकक्षेत्रातून सोडतात. जड रेणू कमी वळतात, हलके जास्त वळतात आणि दोन्ही वेगवेगळे मोजले जातात.

अमेरिकेतील डीनिरो आणि एप्स्टाइन यांनी १९७८ साली प्रयोगशाळेत पाळलेल्या प्राण्यांना ठरावीक अन्न देऊन दाखवले, की प्राण्याच्या शरीरातला कार्बन हा अन्नातल्या कार्बनसारखाच असतो, फरक पडतो तो हजारात सुमारे एकाचा. कडब्यावरच्या बैलाचे शरीर ज्वारीची खूण घेऊन फिरते, असा याचा अर्थ. तीन वर्षांनी त्यांनी नायट्रोजनचाही असाच अभ्यास प्रसिद्ध केला. मग जपानच्या मिनागावा आणि वाडा यांनी १९८४ मध्ये अनेक अन्नसाखळ्यांतील आकडे एकत्र करून दाखवले, की खाणाऱ्याचा नायट्रोजन हा खाल्ल्या जाणाऱ्यापेक्षा सरासरीने हजारात ३.४ ने जड असतो. कारण शरीर टाकाऊ नायट्रोजन अमोनिया किंवा मूत्रावाटे बाहेर टाकते तेव्हा हलका नायट्रोजन अधिक सहज निघून जातो आणि जड मागे राहतो. तीन किलो ज्वारीत मोजायचे तर ही वाढ जेमतेम सव्वा दाण्याची!

दोन आकडे मिळाले. कार्बन सांगतो अन्न कोठून आले, नायट्रोजन सांगतो प्राणी साखळीच्या कितव्या पायरीवर आहे. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर कार्बन आणि उभ्या अक्षावर नायट्रोजन घेऊन प्रत्येक जीवाचा एक ठिपका काढला, की बाण आपोआप दिसू लागतात.

या पद्धतीची उत्तम परीक्षा थंड प्रदेशातील सरोवरांत झाली, त्याला कारण आहे. तेथे प्राण्यांच्या जाती कमी, त्यामुळे साखळी सोपी. हिवाळ्यात वर बर्फाचा थर असतो, त्याखाली कोण काय खाते हे पाहणे अवघड. आणि थंड पाण्यात शरीराची झीज-भर सावकाश होते, म्हणून शरीरातील आकडा कालच्या जेवणाचा नसून कित्येक आठवड्यांच्या जेवणाची सरासरी असतो.

सायबेरियातील बैकाल हे त्याचे ठळक उदाहरण. १,६४२ मीटर खोल, जगातील सर्वांत खोल सरोवर, वर्षातले चार-पाच महिने गोठलेले. तेथे वनस्पतिप्लवकावर जगणारा मुख्य प्राणी एकच, एपिशुरा नावाचा कोपेपॉड. तो दुसऱ्या मोठ्या कवचधाऱ्याचे व माशांचे अन्न होतो. गोलोम्यांका नावाचा पारदर्शक, तेलकट मासा त्यांच्यावर जगतो आणि माशांवर गोड्या पाण्यातील सील. जपानी आणि रशियन शास्त्रज्ञांनी १९९९ साली या साखळीचे आकडे प्रसिद्ध केले. नायट्रोजनचा डेल्टा दर पायरीला सुमारे ३.३ ने चढत गेला, जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तसा. पाठ्यपुस्तकातले चित्र येथे मोजून सिद्ध झाले.

पण सगळीकडे इतके सरळ नसते. स्कॉटलंडमधले लॉक नेस आपल्याला त्यातल्या कथित राक्षसामुळे माहीत आहे. त्याच्या प्लवकाची गोष्ट राक्षसापेक्षा रंजक आहे. ते गोठत नाही, पण पाणी थंड आणि आजूबाजूच्या दलदलीच्या मातीमुळे चहासारखे तपकिरी. तेथील प्राणिप्लवकाचा वर्षभर अभ्यास होऊन २००१ मध्ये असे दिसले, की उन्हाळ्यात त्यांचे शरीर शैवालापासून बनते, पण हिवाळ्यात मात्र जवळजवळ सर्व कार्बन काठावरच्या जमिनीवरून वाहून आलेल्या सेंद्रिय पदार्थाचा असतो. आपल्या चित्रात डावीकडे फक्त शैवाल होते. येथे बाण तळ्याबाहेरून, जमिनीवरून सुरू झाला!

मग अमेरिकेतल्या पेस, कोल आणि कार्पेंटर या शास्त्रज्ञांनी सबंध सरोवरावरच प्रयोग केला. मिशिगनमधील पीटर आणि पॉल नावाच्या दोन लहान सरोवरांत त्यांनी सलग ४२ दिवस कार्बन-१३ ने बनवलेला सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडाच, रोज विरघळवला. पाण्यातल्या शैवालाने तो घेतला आणि ते जड झाले. काठावरच्या झाडांना त्याचा स्पर्शही झाला नाही. आता प्राणिप्लवक शैवालाइतके जड निघाले तर ते शैवालावर जगतात, हलके राहिले तर बाहेरच्या मालावर. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर असे, की प्राणिप्लवकाच्या कार्बनचा शेकडा २२ ते ५० भाग जमिनीवरून आलेला होता.

यावर सर्वांचे एकमत झाले असे मात्र नाही. काहींनी पाणपिसू, म्हणजे डॅफ्निया, केवळ जमिनीवरच्या पाचोळ्यावर वाढवून पाहिला. तो नीट वाढेना. २००९ मध्ये त्यांनी म्हटले, की पाचोळा पोटात जात असेल, पण वाढ आणि पिलावळ होते ती शैवालाच्याच जोरावर. मला स्वतःला हा वाद फार मोलाचा वाटतो. आकडा दोघांनाही मान्य आहे, वाद आहे तो आकड्याच्या अर्थाबद्दल. कोपेपॉडच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. तो हिवाळ्यासाठी शरीरात चरबी साठवतो आणि चरबीतला कार्बन मुळातच हलका असतो. म्हणजे आहार तोच राहिला तरी आकडा उतरतो.

आता घराकडे येऊ. थंड सरोवर आपल्याकडे कोठले! पण थंडीमुळे जशी साखळी आखूड होते, तशीच ती दुसऱ्या एका कारणाने आखूड झालेले सरोवर हिंगोलीपासून फार दूर नाही. सेनगाव-रिसोडच्या वाटेने गेले की लोणार. शाळांच्या सहली तेथे नेहमी जातात. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे पावणेसहा लाख वर्षांपूर्वीचे मानतात. तळाशी खारे आणि अतिशय अल्कधर्मी पाणी. पुढे ज्या अभ्यासांचा उल्लेख येतो त्या काळात पाण्याचा सामू १० च्या आसपास होता. अशा पाण्यात मासा टिकत नाही. नील-हरित शैवालाची हिरवी दाटी, तीवर जगणारे थोडे सूक्ष्म प्राणी, कीटक, पक्षी आणि भरपूर जिवाणू. संपले अन्नजाळे. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा आहे.

साखळी आखूड, म्हणून बैकालसारखाच सोपा जिना येथे मिळेल असे वाटते. मिळत नाही, आणि का मिळत नाही हेच शिकण्यासारखे आहे.

नायट्रोजन पाहा. पाण्यातला अमोनियम आणि अमोनिया वायू यांचा तोल सामूवर अवलंबून असतो. सामू ७ असताना जवळजवळ सगळा अमोनियम असतो. सामू १० ला, २५ अंश तापमानात, शेकडा ८० हून अधिक भाग अमोनिया होतो आणि तो हवेत उडून जाऊ लागतो. जाताना हलका नायट्रोजन आधी जातो. पाण्यात मागे राहतो तो जड. दुसरीकडे, सरोवरात काही मीटर खाली, तळालगत प्राणवायू नसतो. तेथे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून नायट्रोजन वायू सोडतात आणि पुन्हा हलका नायट्रोजनच आधी निघून जातो. गावातले सांडपाणी सरोवरात उतरत आले आहे. त्यातला नायट्रोजनही जडच. अशा पाण्यातून शैवाल जो नायट्रोजन घेते तो मुळातच जड असतो. म्हणजे अन्नसाखळीची एकही पायरी न चढता, पहिल्या पायरीवरच्या शैवालाचा आकडा दुसऱ्या जलाशयातील मांसाहारी माशासारखा दिसू शकतो.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने लोणारच्या शैवालाचा आणि इसापूरच्या माशाचा आकडा शेजारी ठेवला आणि शैवाल वरच्या पायरीवर बसवले. यंत्र चुकले नाही, गणितही चुकले नाही. चुकले ते एवढेच, की जिन्याची तळाची पायरी कोठे आहे हे पाहिलेच नाही. प्रत्येक तळ्याची तळपायरी वेगळी असते आणि ती त्याच तळ्यात, त्याच हंगामात मोजावी लागते. हॅम्बुर्गचे फिलिप मेंझेल आणि सहकारी यांनी २०१३ मध्ये लोणारच्या गाळावर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषयच हा होता, की तळालगत प्राणवायू असणे वा नसणे याचा गाळातल्या नायट्रोजनच्या आकड्यावर काय परिणाम होतो.

कार्बनची अडचण त्याहून आपल्या ओळखीची आहे. अशा अल्कधर्मी पाण्यात मोकळा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नसतो. शैवालाला बायकार्बोनेटवर भागवावे लागते आणि ते जड असते. त्यामुळे शैवालाचा आकडा उणे २७ कडून ज्वारीच्या दिशेने सरकतो. मग गाळात जड कार्बन सापडला तर तो शैवालाचा म्हणायचा, की विवराच्या उतारावरच्या गवताचा? कारण आपल्या रानातली बरीचशी गवतेही ज्वारीच्याच गटातली, म्हणजे सी-४.

हा प्रश्न केवळ तळ्यापुरता नाही. जर्मनीतील पॉट्सडॅम व हॅम्बुर्ग येथील संशोधक आणि नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था यांनी मिळून लोणारच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्यात गेल्या अकरा हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास थरांनी साठलेला आहे. त्यांना जाणून घ्यायचे होते, की मध्य भारतात मोसमी पाऊस केव्हा हटला. पाऊस घटला की झाडे कमी होतात, गवत वाढते आणि कार्बन जड होतो. पण पाऊस घटला की सरोवर आटते, पाणी अधिक खारे होते आणि शैवालाचा कार्बनही जड होतो. दोघांची सरमिसळ कशी सोडवायची? त्यांनी गाळातून पानांवरच्या मेणाचे रेणू वेगळे काढले. लांब साखळीचे असे मेण जमिनीवरच्या वनस्पतींच्या पानांवर असते, प्लवक ते बनवत नाहीत. केवळ त्या मेणातला कार्बन मोजला की उतारावरच्या वनस्पतींचे तेवढे कळते. सोबत गाळातले गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक हा स्वतंत्र पुरावा होता, कारण सरोवर खूप आटल्याशिवाय ते बनत नाहीत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आजपासून ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी असे दोन प्रदीर्घ कोरडे कालखंड येथे होऊन गेले. मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवरच्या माणसाला हे वाचताना तळ्याचे शास्त्र राहत नाही, दुष्काळाचे होते.

आपल्या परिसरातील गोड्या पाण्याच्या जलाशयांना, पैनगंगेवरच्या इसापूरला किंवा पूर्णेवरच्या सिद्धेश्वरला, हीच पद्धत लावायची तर काय दिसेल याचा अंदाज वर्गात बांधता येतो. कटला, रोहू आणि मृगळ या तीन माशांपासून सुरुवात करावी. कटला वरच्या थरातले प्राणिप्लवक खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतिजन्य अन्न घेतो आणि मृगळ तळाचा कुजका गाळ चाळतो. एकाच जाळ्यात सापडणाऱ्या या तिघांचे ठिपके आलेखावर कोठे पडतील, हे मुलांना आधी पेन्सिलीने काढायला सांगावे. कटला नायट्रोजनच्या अक्षावर रोहूच्या वर यायला हवा. मृगळाबद्दल मात्र वाद होतील, कारण गाळात कशाकशाचे अवशेष आहेत हे प्रथम ठरवावे लागेल.

आणि तेथे पिकांचा प्रश्न येतो. पहिल्या मोठ्या पावसात ओढे गढूळ होऊन जलाशयाला मिळतात, त्या पाण्याबरोबर शेतातला पाचोळा येतो. हा पाचोळा सोयाबीन, कापूस आणि हळदीचा असेल तर त्याचा कार्बन उणे २७ च्या जवळपास. गोड्या पाण्यातले शैवालही बहुधा उणे २५ ते उणे ३५ च्या टप्प्यात. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणजे कार्बन काही बोलणार नाही. शिवारात ज्वारी भरपूर असती तर शेताची खूण पाण्यात वेगळी ओळखू आली असती. कडबा गुरे खातात, शेण खतातून शेतात जाते, म्हणून ज्वारीची खूण शेणखतातूनही येते. मराठवाड्यात गेल्या तीन-चार दशकांत ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. तळाच्या गाळाचे जुने आणि नवे थर मोजणाऱ्याला हा बदल आधी माहीत असायला हवा, नाहीतर पिकांतला बदल तो माशांच्या आहारातला बदल म्हणून लिहून मोकळा होईल.

यंत्र शाळेत येणार नाही. ते अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेसारख्या मोठ्या संस्थांतच असते. पण त्याआधीचे सारे काम शाळेत करून पाहण्याजोगे आहे. जुन्या नायलॉनच्या ओढणीचे नरसाळ्यासारखे जाळे शिवून टोकाला बाटली बांधावी. काठावर मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली ते पाण्यातून हळू ओढावे. बाटलीतले पाणी तासभर साध्या गाळलेल्या पाण्यात ठेवले, की प्राण्यांची आतडी बरीचशी रिकामी होतात. खरे संशोधकही असेच करतात, नाहीतर न पचलेले अन्न शरीर म्हणून मोजले जाईल. मग भिंगाखाली कोपेपॉड आणि डॅफ्निया वेगळे करावेत. प्रयोगशाळेत ते ६० अंशांवर वाळवतात, कुटतात आणि कथलाच्या इवल्याशा डबीत भरतात. गाळाचा नमुना असेल तर आधी सौम्य आम्लाने धुतात, कारण आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि त्यांचा कार्बन कोणी खाल्लेला नसतो. डबीत लागणारा माल एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर. तेवढ्यासाठीही कोपेपॉड एकेक करून शंभराच्या घरात वेचावे लागतात. वर्गात चाळीस मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन येतील.